बेस कुठं दडून बसलाय?

शेजारच्या घरात गाणं लागलेलं आहे. दार बंद, खिडक्या बंद. आपल्याला शब्द कळत नाहीत, चाल कळत नाही, गाणारा आहे की गाणारी तेही कळत नाही. पण एक गोष्ट मात्र भिंतीतून बिनचूक पोचते – धम्... धम्... धम्!

आता त्या घरात डोकावून बघू. खोलीच्या मधोमध सतरंजीवर बसलेला बंड्या कुरकुरतोय, "बाबा, आपल्या होम थिएटरला बेसच नाही हो! मोठा सब-वुफर घेऊ या ना!" आणि मागे भिंतीला टेकून बसलेली आजी म्हणतेय, "अरे, बंद कर ते मेलं! छातीत धडधडतंय माझ्या."

दोस्तांनो, बंड्याला बेस ऐकू येत नाही, आजीला नको तेवढा ऐकू येतो आणि शेजारच्या आपल्याला तर फक्त तोच ऐकू येतो. यात खोटं कोण बोलतंय? कुणीच नाही! तिघंही अगदी खरं सांगताहेत. आणि गंमत म्हणजे बाबांनी खरोखरच मोठा सब-वुफर आणला, तर आजीची धडधड वाढेल, शेजाऱ्यांची झोप उडेल आणि बंड्या मात्र जवळजवळ तसाच कोरडा राहील.

असं का होतं, आणि पैसे न खर्च करता त्यावर काय करता येतं, ते आज बघू. हा लेख आई-बाबांनाही वाचायला द्या. सब-वुफरच्या किमती बघता, त्यांनाच तो जास्त आवडेल!

खोलीत एसटीची बस

आवाज म्हणजे हवेची थरथर, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचलेलं आहेच. सेकंदाला किती वेळा थरथर होते तो आकडा म्हणजे वारंवारता, आणि ती मोजायची हर्ट्झमध्ये. आपल्या कानांना साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं. पियानोची सगळ्यात डावीकडची पट्टी दाबली की २७.५ हर्ट्झचा सूर निघतो. बेस गिटारची सगळ्यात जाड तार सुमारे ४१ हर्ट्झची. होम थिएटरवाले ज्याला ‘बेस’ म्हणतात तो सगळा कारभार साधारण १२० हर्ट्झच्या खाली चालतो. आपल्या संगीतात अशा खोल आवाजाला एक छान शब्द आहे – खर्ज. तबल्याच्या जोडीतला डग्गा घुमतो तो खर्जातच.

आता जरा गणित. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४४ मीटर धावतो. त्याला वारंवारतेने भागलं की एका लाटेची लांबी मिळते. १०,००० हर्ट्झच्या चिरक्या आवाजाची लाट भरते साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे तुमच्या अंगठ्यापेक्षाही लहान. आणि ४० हर्ट्झच्या खर्जाची? ३४४ भागिले ४०, म्हणजे ८.६ मीटर! एसटीच्या बसपेक्षा थोडीशीच लहान. आता सांगा, १४ बाय १० फुटांच्या आपल्या बाहेरच्या खोलीत ही बस मावायची कशी?

सगळा घोटाळा इथेच आहे. बारीक लाटा खोलीत इकडेतिकडे उडतात, पडद्यात, गादीत, उशीत शिरून विरून जातात. खर्जाच्या लाटेला मात्र खोलीच अपुरी पडते. ती भिंतीवर आदळते, परत फिरते, समोरून येणाऱ्या दुसऱ्या लाटेत मिसळते. मग कुठे दोघी मिळून दुप्पट होतात, कुठे एकमेकींना पुसून टाकतात. बेस नाहीसा झालेला नसतो. तो खोलीतल्या दुसऱ्याच कोपऱ्यात जाऊन बसलेला असतो!

लांब लाटा दूरवर पोचतात, हे हत्तींनाही माहीत आहे बरं का. १९८४ साली अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या प्राणिसंग्रहालयात केटी पेन नावाच्या संशोधक बाई हत्तींच्या पिंजऱ्याशेजारी बसल्या होत्या. कानाला काही ऐकू येत नव्हतं, पण हवेत थरथर जाणवत होती. लहानपणी चर्चमधल्या ऑर्गनच्या मोठ्या नळ्यांजवळ उभं राहिल्यावर अंगात व्हायची तशीच ती थरथर आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. पुढे ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा हत्ती २० हर्ट्झच्याही खालच्या आवाजात एकमेकांशी बोलतात असं सिद्ध झालं. ते आवाज जंगलात काही किलोमीटर लांबच्या हत्तींपर्यंत पोचतात. तर मग मधल्या एका विटांच्या भिंतीची काय कथा!

परातीतला प्रयोग

आईला विचारून एक मोठी परात किंवा आयताकृती ट्रे घ्या. त्यात अर्ध्यापर्यंत पाणी ओता आणि जमिनीवर ठेवून हळूहळू डावी-उजवीकडे हलवा. घाई करायची नाही. थोड्या वेळात पाण्याची स्वतःची अशी एक लय सापडेल. त्या लयीत हलवलं, की अगदी थोड्या जोरातही पाणी हेलकावे खातं आणि काठावरून सांडायला लागतं. लय सोडून कितीही हलवलं तरी तेवढं हिंदकळत नाही. यालाच म्हणतात अनुनाद.

आता नीट बघा. डाव्या आणि उजव्या काठाशी पाणी खूप वर-खाली होतंय. पण मधोमध? तिथे पातळी जवळजवळ हलतच नाही!

परातीच्या जागी तुमची खोली आणि पाण्याच्या जागी हवा आहे असं समजा. १४ फूट लांबीच्या खोलीची ही लय ४० हर्ट्झच्या आसपास येते. १० फूट रुंदीची येते ५६ हर्ट्झच्या आसपास. आपल्या खोलीची लय काढायची असेल तर ३४४ ला लांबीच्या दुपटीने भागा. लांबी मात्र मीटरमध्ये घ्यायची, एक फूट म्हणजे ०.३०५ मीटर. सिनेमात खर्जाचा दणका आला आणि तो नेमका त्या लयीला जुळला, की हवा परातीतल्या पाण्यासारखी हेलकावायला लागते. भिंतीशी दाब जास्तीत जास्त, मध्यभागी जवळजवळ शून्य. कळलं आता? आजी काठावर बसली आहे आणि बंड्या मधोमध!

खरं तर खोलीला एकच लय नसते. लांबीची वेगळी, रुंदीची वेगळी, उंचीची वेगळी. शिवाय त्यांच्या दुपटी-तिपटी. ८० हर्ट्झला याच खोलीत उलटा प्रकार होतो. मध्यभागी आवाज भरपूर, आणि भिंतीपासून पाव अंतरावर गायब. त्यामुळे एकाच गाण्यातला एक खर्ज सूर कानठळ्या बसवतो आणि पुढचा सूर आलाच नाही असं वाटतं. अशा बेसला जाणकार ‘बूम’ म्हणून नाक मुरडतात. सगळे सूर सारख्याच वजनाने, स्वच्छ ऐकू आले आणि थांबले की लगेच थांबले, तर तो चांगला बेस. भजनातला पखवाज आठवा. ‘धा’ घुमतो, पण पुढच्या बोलावर सांडत नाही.

वॉट वॉट वॉट!

मग दुकानात सगळे ‘किती वॉटचा?’ असं का विचारतात? कारण आकडा सांगायला सोपा असतो. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षं टेपरेकॉर्डर आणि कॉम्प्युटरच्या चिमुकल्या स्पीकरांवर ‘पीएमपीओ’ अशी अक्षरं आणि शेजारी हजारोंचे आकडे छापलेले असायचे. त्या आकड्यांना कसलंही सर्वमान्य मोजमाप नव्हतं. शक्ती बघायचीच असेल तर ‘आरएमएस’ वॉट बघा. तीही दुप्पट केली, तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतका. कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायचा, तर शक्ती सुमारे दहापट लागते!

स्पीकरच्या आत काय असतं? एक लोहचुंबक, त्याच्या फटीत तारेचं वेटोळं आणि वेटोळ्याला चिकटवलेला शंकूसारखा पडदा. वीज आली की वेटोळं पुढे-मागे हलतं आणि पडदा हवा ढकलतो. आजचे बहुतेक स्पीकर याच तत्त्वावर चालतात. १९२५ साली अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी ही रचना जगापुढे मांडली. पडद्याला जितका खोल आवाज काढायचा, तितकं जास्त पुढे-मागे जावं लागतं. आणि ‘जास्त’ म्हणजे किती? १०० हर्ट्झला पडदा एक मिलिमीटर हलत असेल, तर तेवढ्याच मोठ्या आवाजासाठी ५० हर्ट्झला चार मिलिमीटर, आणि २५ हर्ट्झला तब्बल सोळा! म्हणूनच टीव्हीच्या पातळ पोटातल्या बिचाऱ्या स्पीकरांकडून खर्जाची अपेक्षा करायची नसते. तिथे मोठा, जाड कडांचा पडदा आणि ऐसपैस खोका हवा.

त्या खोक्याला एक भोक असतं, पाहिलंय? ते वारा यायला नसतं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली की ‘भूंऽऽ’ असा आवाज येतो ना? बाटलीत थोडं पाणी घातलं की तो वर चढतो. सब-वुफरचं भोक म्हणजे हीच बाटली. खोक्यातली हवा आणि भोकातली हवा मिळून एका ठरावीक खर्जाला घुमतात आणि पडद्याचे कष्ट वाचवतात. ही युक्ती अल्बर्ट थुरास यांची. त्यांना तिचं पेटंट १९३२ साली मिळालं. तेव्हा भोकाचं तोंड भिंतीला चिकटवून ठेवू नका, आणि धाकट्या भावंडांना त्यात चेंडू टाकू देऊ नका!

सब-वुफरला सोफ्यावर बसवा

आता मुख्य काम. हे काम मुलांनीच करायचं आहे, कारण यात रांगावं लागतं आणि बाबांचे गुडघे दुखतात.

आधी एक सवलत सांगतो. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे आपल्या कानांना नीट ओळखता येत नाही. एवढ्या लांब लाटेपुढे दोन कानांमधलं अंतर म्हणजे काहीच नाही. त्यामुळे सब-वुफर टीव्हीशेजारीच हवा असं मुळीच नाही. सोफ्याच्या बाजूला, कपाटाजवळ, खिडकीखाली, कुठेही चालतो. फक्त ती जागा योग्य हवी. आणि योग्य जागा शोधायची ती अशी.

सब-वुफरचा प्लग काढा. मोठ्या माणसाला तो उचलायला सांगा आणि आपण नेहमी जिथे बसतो त्या जागी, सोफ्यावर किंवा खुर्चीत, तो ठेवायला लावा. हो, हो, आपल्या जागी त्याला बसवायचं! वायर पुरत नसेल तर लांब वायर लावा. मग प्लग जोडून खर्जाचे बरेच वेगवेगळे सूर असलेलं काहीतरी लावा. एकच ठोका सारखा पडत राहतो असलं गाणं उपयोगाचं नाही. बेस गिटारचे सूर पायऱ्या उतरल्यासारखे चालताहेत असं एखादं गाणं किंवा तबल्याचं एकल वादन उत्तम. आवाज बेताचाच ठेवा.

आता जमिनीवर उतरा आणि भिंतीच्या कडेकडेने रांगत निघा. कान ठेवायचा सब-वुफरच्या उंचीवर, म्हणजे फूटभर. दर दोन फुटांवर थांबा, डोळे मिटा, ऐका. एका जागी नुसतं ‘भूंभूं’ ऐकू येईल. दोन पावलं पुढे गेलात की बेस नाहीसा! आणखी पुढे एक जागा अशी येईल, की सगळे सूर सारखे, मोकळे, स्पष्ट. तिथे खडूने फुली मारा. पूर्ण फेरी झाली की अशा दोन-तीन फुल्या जमतील. त्यांतली जिथे कुणी अडखळणार नाही आणि जिथे आईची हरकत नाही ती निवडा आणि सब-वुफर तिथे ठेवा. मग आपल्या जागेवर बसून ऐका.

हे चालतं कसं? कारण आवाज दोन्ही दिशांनी सारखाच प्रवास करतो. ‘अ’ ठिकाणी स्पीकर आणि ‘ब’ ठिकाणी कान ठेवा, किंवा त्यांची अदलाबदल करा. मधली खोली तीच असल्याने कानाला पोचणारा बेस तोच राहतो. एकोणिसाव्या शतकात जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ आणि इंग्लंडच्या रॅले या शास्त्रज्ञांनी हा नियम मांडला. सोफा भिंतीकडेने फिरवण्यापेक्षा किंवा जड सब-वुफर वीस ठिकाणी उचलून ठेवण्यापेक्षा स्वतः रांगणं सोपं, नाही का?

रांगताना एक गोष्ट लक्षात येईल. खोलीच्या कोपऱ्यात बेस सगळ्यात दणदणीत वाटतो. कोपरा म्हणजे दोन भिंती आणि जमीन यांची गाठ. तिथून खोलीच्या सगळ्याच लयी एकदम जाग्या होतात. लहान सब-वुफरला कोपरा बळ देतो हे खरं. पण दणका आणि चांगला बेस यात फरक आहे, आणि छोट्या खोलीत कोपऱ्याचा बेस बहुधा बूम होतो. माझं मत विचाराल तर कोपरा हा शेवटचा उपाय.

सोफाही थोडा हलवून बघा. आपल्याकडे सोफा भिंतीला चिकटवलेलाच असतो, नाहीतर खोलीत जागा कुठली! पण तो नऊ इंच, फूटभर जरी पुढे ओढता आला तर फरक कळतो. आणि बंड्या, तू सतरंजी घेऊन मधोमध बसू नकोस. दोन हात मागे सरक. हा उपाय चकटफू आहे.

काळी वायर, लाल वायर

एक अगदी साधी चूक फार घरांत सापडते. प्रत्येक स्पीकरच्या दोन वायरी असतात, एक लाल आणि एक काळी. किंवा एकीवर पट्टा असतो. अॅम्प्लिफायरच्या लाल खुंटीला स्पीकरची लाल, काळ्याला काळी. हे दोन्ही स्पीकरना सारखंच जोडलेलं हवं. एका स्पीकरची अदलाबदल झाली, तर एकाचा पडदा हवा पुढे ढकलत असताना दुसऱ्याचा मागे ओढतो. बारीक आवाज तसे ठीकठाक ऐकू येतात, म्हणून कुणाला शंका येत नाही. खर्ज मात्र पुसला जातो.

जुन्या मेकॅनिक लोकांची एक युक्ती आहे. मोठं माणूस जवळ असताना करा. स्पीकरच्या वायरी अॅम्प्लिफायरपासून सोडवा आणि त्यांची टोकं दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलला क्षणभर टेकवा. ‘टक्’ असा आवाज येऊन पडदा हलेल. लाल वायर सेलच्या अधिक टोकाला लावली की दोन्ही स्पीकरांचे पडदे एकाच बाजूला हलायला हवेत. ज्या स्पीकरला किंवा सब-वुफरला स्वतःचा विजेचा प्लग असतो, त्याच्यावर हा प्रयोग करायचा नाही. सब-वुफरच्या पाठीवर बहुतेक वेळा ‘फेज’ नावाचं बटण असतं, ० आणि १८० असं लिहिलेलं. ते इकडे-तिकडे करून बघायचं आणि आपल्या जागी बसून जिकडे बेस भरघोस वाटेल तिकडे ठेवायचं. बस्स.

पाच पूर्णांक एक दशांश स्पीकर?

होम थिएटरच्या खोक्यावर ‘५.१’ लिहिलेलं असतं. पाच स्पीकर समजले, पण एक दशांश स्पीकर कसा असेल? तर पाच वाहिन्या पूर्ण आवाजाच्या, आणि सहावी फक्त १२० हर्ट्झपर्यंतच्या खर्जाची, म्हणून तिला बिचारीला ‘.१’ एवढंच मानाचं स्थान! खरा हिशेब केला तर १२० भागिले २०,००० म्हणजे ०.००६ येतं. पण ‘पाच पूर्णांक सहा सहस्रांश’ असं खोक्यावर कोण छापणार?

सिनेमावाल्यांना या खर्जाचं वेड जुनं आहे. १९७४ साली ‘अर्थक्वेक’ नावाचा भूकंपाचा सिनेमा आला, तेव्हा थिएटरांत प्रचंड वुफर बसवून प्रेक्षकांच्या खुर्च्या हादरवल्या होत्या. १९९३ च्या ‘ज्युरासिक पार्क’मध्ये तो भला मोठा डायनोसॉर यायच्या आधी गाडीतल्या ग्लासातल्या पाण्यावर गोल गोल वलयं उठतात, आठवतं? दिग्दर्शक स्पिलबर्ग यांना ही कल्पना सुचली ती गाडीत मोठ्याने गाणी लावली असताना, बेसमुळे आरसा थरथरताना पाहून. पण प्रत्यक्ष चित्रीकरणात पाण्यात तशी सुबक वलयं काही उठेनात. शेवटी मायकेल लँटिएरी या करामती माणसाने डॅशबोर्डखालून गिटारची तार ओढून बांधली आणि ती छेडली, तेव्हा कुठे पाणी थरथरलं!

तर हे सगळं घरी नीट ऐकू यायचं, तर अॅम्प्लिफायरच्या सेटिंगमध्ये एक गंमत आहे. तिथे विचारतात, तुमचे स्पीकर ‘लार्ज’ की ‘स्मॉल’? बाबा अभिमानाने ‘लार्ज’ निवडतात. पण त्यामुळे खर्जाचं ओझं छोट्या स्पीकरांवरच राहतं, आणि सब-वुफरकडे फक्त ती ‘.१’ वाहिनी जाते. ‘स्मॉल’ निवडा आणि हद्द ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा. स्पीकर अगदीच मुठीएवढे असतील तर १०० किंवा १२०. मग त्याच्या खालचं सगळं सब-वुफर सांभाळतो आणि छोटे स्पीकर सुटकेचा श्वास टाकतात.

सब-वुफरचा आवाज किती ठेवायचा? पखवाजवाल्याकडे बघा. डाव्या बाजूला कणकेचा गोळा लावताना तो एकदम थापत नाही. थोडी लावतो, वाजवतो, कान देऊन ऐकतो. जास्त झाली की काढतो. बटणही तसंच फिरवायचं. ‘सब-वुफर वाजतोय’ हे कळत असेल तर तो जास्त झाला आहे. बंद केल्यावर ‘अरे, काहीतरी गेलं’ असं वाटलं पाहिजे.

पडदे, अंड्यांचे ट्रे आणि स्टीलचे डबे

बेस सुधारायला भिंतीवर अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवा, असा सल्ला कुणीतरी देतंच. त्याने खर्जाचं काहीही होत नाही. खर्ज शोषायला जाडी लागते. ४० हर्ट्झच्या लाटेचा चौथा हिस्सा म्हणजे दोन मीटरच्या वर. तिला दोन इंचांच्या पुठ्ठ्याचा काय पत्ता लागणार? पडदे, सतरंज्या यांनी वरचे चिरके आवाज मऊ होतात, तेवढंच. अमेरिकेतल्या बऱ्याच घरांत आतल्या भिंती लाकडी चौकटीवर पातळ तक्ते ठोकलेल्या असतात. त्या स्वतःच थोड्या हलतात आणि काही बेस गिळतात. आपल्या विटांच्या आणि काँक्रीटच्या भिंती गिळत नाहीत, परत फेकतात. म्हणून आपल्याकडे जागा शोधण्याला जास्तच महत्त्व. आतल्या खोलीचं दार उघडं ठेवून बघा. लाटेला पसरायला वाट मिळते आणि कधी कधी बूम कमी होते.

दुसरा शत्रू शोकेसमध्ये असतो. काचा, फोटोच्या चौकटी, स्टीलचे डबे, पंख्याची वाटी! मोबाइलवर सूर काढणारं एखादं अॅप मिळतं. ते ब्लूटूथने किंवा वायरने जोडा, आवाज अगदी लहान ठेवा आणि ३० हर्ट्झपासून १०० पर्यंत सावकाश सरका. कधी शोकेसची काच ‘झर्र’ करेल, कधी डब्याचं झाकण. प्रत्येकाचा आपला आपला आवडता आकडा! कागदाची घडी नाहीतर कापडाचा बोळा खोचला की गप्प. हा खेळ सुट्टीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून खेळण्यासारखा आहे.

रात्रीचे दहा

आता पुन्हा त्या भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांकडे येऊ. आपल्या देशात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल अशी मर्यादा घातलेली आहे. पण यात एक मेख आहे. हे मोजणारं यंत्र कानाची नक्कल करतं, म्हणजे खर्जाला कमी गुण देतं. ५० हर्ट्झचा आवाज ते सुमारे ३० डेसिबलने कमीच धरतं. तेव्हा यंत्रावरचा आकडा लहान दिसत असताना शेजारच्या आजोबांचा पलंग थरथरत असू शकतो. यंत्राला विचारू नका, आजोबांना विचारा.

सब-वुफरखाली रबराचे तुकडे ठेवले तर जमिनीतून जाणारी थरथर थोडी कमी होते. हवेतून जाणारी खर्जाची लाट मात्र भिंतीला जुमानत नाही, तिला अडवायचा घरगुती उपाय नाही. आवाज कमी करणं हाच उपाय. पण आवाज कमी केला की बेस आपल्याला जास्तच कमी वाटतो, कारण लहान आवाजात आपले कान खर्जाला बहिरट होतात. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ सालीच हे मोजून दाखवलं होतं. जुन्या टेपरेकॉर्डरवर ‘लाउडनेस’ नावाचं बटण असायचं ते यासाठीच. ते लहान आवाजात खर्ज थोडा उचलून द्यायचं. आजच्या बऱ्याच अॅम्प्लिफायरमध्ये ‘नाइट’ नावाची सोय असते. ती दणके दाबते आणि कुजबुज उचलते. अभ्यासाला बसलेल्या ताईसाठीही ती चांगली.

आणि कानांचं काय? जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी सुचवलेली मर्यादा आहे आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मी करायची. जागा नीट सापडलेला बेस लहान आवाजातही भरलेला वाटतो, त्यामुळे बटण पिरगाळायची वेळच कमी येते.

एवढं करूनही भागलं नाही, खोली मोठी आहे, वेगवेगळ्या जागी बसणाऱ्या सगळ्यांनाच सारखा बेस हवा आहे, तर मग खरेदीचा विचार करा. पण तेव्हाही एका धिप्पाड सब-वुफरऐवजी दोन लहान घ्या आणि समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक ठेवून बघा. टॉड वेल्टी नावाच्या इंजिनिअरने २००२ साली या विषयावर बरीच मोजमापं करून दाखवलं, की अशा जोडीमुळे खोलीतल्या निरनिराळ्या जागांमधला फरक पुष्कळ कमी होतो. परातीत दोन्ही काठांवरून एकाच वेळी सारखाच दाब दिला, तर पाणी कुठे हेलकावणार?

आणि हो, योग्य जागा सापडली की ती खडूची फुली तशीच ठेवू नका, पहिल्याच फरशी पुसण्यात ती जाईल. सब-वुफरच्या चारही कोपऱ्यांशी लादीवर रंगीत चिकटपट्टीचे तुकडे लावा. सोफ्याच्या पुढच्या पायांशीही लावा. दिवाळीच्या साफसफाईत सगळं सामान हलणार आहे, आणि परत ठेवताना आजी तुम्हालाच विचारणार आहे, "काय रे, हा डबा नेमका कुठं होता?"